कर्दळीची उंची मोजून वाढ कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायला १५ बाय ८ मीटरचा खडीचा वाफा आहे. सेप्टिक टँकमधून येणारं रोजचं साधारण १२,००० लिटर सांडपाणी त्यातून जातं आणि वर कर्दळ लावलेली आहे. सहा महिन्यांत ती चार फुटांवर गेली. तुम्ही दर रविवारी टेप घेऊन उंची वहीत लिहिता. कन्सल्टंट म्हणतो, ‘घाण सगळी झाडंच शोषतात’. आता एजीएमसाठी, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी, कमिटीला आकडा हवाय: महिन्याला वाढ किती किलो, आणि त्या वाढीतून नायट्रोजन किती गेला. उंचीवरून हे काढायचं काही सूत्र आहे का?

सूत्र आहे, पण नुसत्या उंचीचं नाही. आणि खरं सांगायचं तर इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. झाडं किती वाढतात, हा पहिला. पाणी शुद्ध होण्यात त्या वाढीचा वाटा किती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मोठं आलं की दुसऱ्याचंही मोठंच येणार असं आपण धरून चालतो. मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं तसंच धरून चाललो होतो. नवी मुंबईत अशा वाफ्यांचं काम करायला लागून मला आता चौदा वर्षं झाली, त्या अनुभवावर लिहितोय.

आधी उंचीचं बघू. कर्दळीचा फुटवा पोंगा सोडत वर चढतो, फुलावर आला की थांबतो आणि मग पिवळा पडून बसतो. त्याच वेळी खाली गड्ड्यातून नवे कोंब येत असतात. म्हणजे तुमच्या रविवारच्या वहीत तीन महिने ‘चार फूट’ हाच आकडा दिसेल आणि तेवढ्या काळात ठोंबातले निम्मे फुटवे बदलून गेलेले असतील. उलटंही होतं. सावलीतली कर्दळ उजेडासाठी ताणली जाते, उंच दिसते, पण खोड बोटाएवढं बारीक. इमारतीच्या सावलीतल्या वाफ्यात हे हमखास बघायला मिळतं.

म्हणून वाढ मोजायची ती दर चौरस मीटरमागे सुक्या वजनात. सुकंच का? कारण कर्दळ म्हणजे उभं पाणी. ताजी १०० ग्रॅम कर्दळ नीट वाळवली तर हातात १० ते १२ ग्रॅम उरते. तेच नळाचं केलं, म्हणजे खाडीकाठच्या त्या उंच गवताचं, तर ४०-५० ग्रॅम उरतात. एकाच वजनकाट्यावर दोघांचं ओलं वजन सारखं भरलं, तरी खरा माल चौपट वेगळा. ‘आमच्या वाफ्यातून टेम्पोभर हिरवळ निघाली’ असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, कशाची?

आता पद्धत. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांची ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरची चौकट करा. क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. वाफ्याचे लांबीत तीन भाग पाडा: इनलेटकडचा, मधला, आउटलेटकडचा. प्रत्येक भागात तीन चौकटी, एकूण नऊ. हे भाग पाडणं टाळू नका. इनलेटकडे खत भरपूर, त्यामुळे तिथली कर्दळ गडद हिरवी आणि दांडगी असते, तर आउटलेटकडची फिकट आणि बुटकी. बहुतेकांच्या फोटोत आणि मोजमापात इनलेटकडचीच झाडं येतात, कारण पंपरूम तिथे असते आणि माणसं तिथेच उभी राहतात. तसंच, कडेपासून किमान अर्धा मीटर आत या. कडेच्या झाडांना बाजूने उजेड मिळतो, ती नेहमीच जास्त भरतात. चौकटीची जागा एकदा ठरली की चारही कोपऱ्यांत सळ्या ठोकून ती कायम करा. दर वेळी ‘साधारण इथेच होती’ असं करून चालत नाही.

नऊही चौकटी दर महिन्याला कापल्या तर मोजायला काही उरणारच नाही. म्हणून एकदाच, चौकटींच्या बाहेरचे, लहानमोठे मिळून तीसेक फुटवे खडीच्या पातळीवर कापायचे. प्रत्येकाची उंची आणि खडीपासून १० सेंटिमीटरवरचा खोडाचा व्यास लिहायचा. मग प्रत्येक फुटवा वेगळा चिरून, कागदी पिशवीत नंबर घालून, ६५ ते ७० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायचा. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला की वाळला. कर्दळीचं खोड जाड असतं, अख्खं ठेवलं तर आतून कुजतं. ओव्हनसाठी जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात विनंती करून बघा, मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. उन्हात वाळवायचा विचार मार्च-एप्रिलमध्ये ठीक. जुलैत ठाण्यात गच्चीवर कर्दळ वाळत घालणं म्हणजे बुरशीची शेती.

आता या तीस फुटव्यांवरून व्यासाचा वर्ग गुणिले उंची, आणि समोर सुकं वजन, असा तक्ता एक्सेलमध्ये मांडा आणि रेष काढा. समजा एका फुटव्याचा व्यास २.४ सेंटिमीटर आणि उंची ११० सेंटिमीटर आहे. वर्ग ५.७६, गुणिले ११०, म्हणजे ६३४. वाळवल्यावर तो ३८ ग्रॅम भरला, तर गुणक साधारण ०.०६. तीस फुटव्यांचा मिळून जो गुणक निघेल तो तुमच्या वाफ्याचा. माझा गुणक तुम्हाला चालणार नाही, आणि तुमच्या बुटक्या जातीचा शेजारच्या सोसायटीतल्या उंच जातीला चालणार नाही. यापुढे कापाकापी नको. दर महिन्याला चौकटीतले फुटवे मोजा, प्रत्येकाचा व्यास आणि उंची घ्या, गुणकाने वजन काढा. चौकटीत असे आठ फुटवे असतील तर ३०४ ग्रॅम, पाव चौरस मीटरमध्ये. चारने गुणलं की चौरस मीटरला १.२ किलो. ही तुमची ‘उभी’ कर्दळ.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि खरी चूक इथेच होते.

या विषयावरचा मूळ अभ्यास बराचसा थंड देशांतला. केथे झायडेल या जर्मन शास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात पाणवनस्पती वापरून सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले, आणि पुढची बरीच पद्धत युरोपातल्या नळाच्या वाफ्यांवर बसली. तिकडे नळ वसंतात उगवतो, उन्हाळ्याच्या शेवटी भरतो आणि थंडीत वरचा सगळा भाग वाळून जातो. त्यामुळे भर हंगामात एकदा कापून वजन केलं की वर्षभराच्या वाढीचा ढोबळ अंदाज आला. आपल्याकडे ठाण्यात कर्दळ बारा महिने उगवते आणि बारा महिने मरते. इथे उभं वजन म्हणजे बँकेतला आजचा बॅलन्स, वर्षाची कमाई नव्हे.

म्हणून टॅग लावायचे. चौकटीतल्या प्रत्येक फुटव्याला रंगीत नायलॉनचा दोरा, महिन्यागणिक वेगळा रंग. जूनचा लाल, जुलैचा पिवळा. पुढच्या फेरीत कोणते दोरे मेलेल्या फुटव्यांवर आहेत ते मोजा. समजा जूनमध्ये चौरस मीटरला ११०० ग्रॅम होतं, जुलैत १२०० झालं. वाढ १०० ग्रॅम वाटते. पण दरम्यान चौकटीत ३५ ग्रॅमचे दोन फुटवे मेले, म्हणजे चौरस मीटरला २८० ग्रॅम. खरी वाढ ३८० ग्रॅम झाली. जवळपास चौपट फरक, आणि तो फक्त दोऱ्यामुळे कळला.

दोऱ्यांवरून आठवलं. नेरूळच्या एका वाफ्यात मी हौसेने एका पट्ट्यात अळू लावलं होतं. वाढ सुरेख चालली होती. श्रावणात गेलो तर दोन चौकटींतली सगळी मोठी पानं गायब, दोरे तसेच देठांना लटकलेले. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘साहेब, बिल्डिंगमधल्या काकू अळूवडीला घेऊन गेल्या.’ माझे चार महिन्यांचे आकडे वाया गेले ते सोडा, पण मैलापाण्यावर वाढलेलं अळू घराघरात गेलं ही गोष्ट मला आजही सलते. खाण्याजोगं काहीही या वाफ्यात लावू नका. आणि वाफा कशासाठी आहे याची पाटी मराठीत, ठळक अक्षरांत लावा.

नव्याने कापलेल्या वाफ्याला आणखी एक माप लावता येतं. कापल्यावर चौरस मीटरला १५० ग्रॅम उरलं आणि तीस दिवसांनी ६०० झालं, तर ६०० भागिले १५० म्हणजे चार, चारचा नैसर्गिक लॉगरिदम १.३९, भागिले तीस दिवस. दिवसाला ०.०४६. याचा अर्थ दर पंधरा दिवसांनी दुप्पट. दोन वाफ्यांची तुलना करायला हे माप उत्तम. पण पानं एकमेकांवर सावली धरायला लागली की वेग पडतोच. सुरुवातीच्या महिन्याचा वेग वर्षभर धरून कागदावर अवाढव्य आकडा काढलेले रिपोर्ट मी पाहिलेत.

जमिनीखालचं काय? गड्डे आणि मुळं मिळून बराच माल खाली असतो आणि खडीत तो उकरणं म्हणजे वाफ्याची वाट लावणं. तुमचा वाफा आधीच लागलाय, पण पुढच्यांसाठी सांगतो: लागवडीच्या वेळीच भाजीवाल्यांच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये तीच खडी भरून, त्यात एकेक गड्डा लावून, सहा-आठ क्रेट वाफ्यात पुरून ठेवायचे. चार-सहा महिन्यांनी एक क्रेट उचलायचा, वाळूच्या चाळणीवर पाण्याच्या धारेखाली खडी सुटी करायची. पहिला क्रेट उचलला तेव्हा मला धक्का बसला होता. वाफा ६० सेंटिमीटर खोल आणि कर्दळीची मुळं वरच्या २५-३० सेंटिमीटरमध्येच जाळी करून बसलेली. खालून पाणी मुळांना न शिवता आरामात निघून जात होतं. तुमच्या वाफ्यात क्रेट नाहीत, तेव्हा खालचं वजन अंदाजाने भरू नका. ‘फक्त वरची वाढ’ असं लिहून मोकळे व्हा.

आता दुसरा प्रश्न, कमिटीचा. नायट्रोजन किती गेला?

तुमचेच आकडे घेऊ. १२,००० लिटर पाणी, आणि लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रोजन आहे असं धरू (लॅबचा रिपोर्ट आला की तो आकडा घाला). रोज ४८० ग्रॅम, वर्षाला १७५ किलो आत येतो. आता कर्दळ. उभं सुकं वजन चौरस मीटरला एक किलो आणि त्यात दोन टक्के नायट्रोजन धरला, तर २० ग्रॅम. वर्षातून चार वेळा कापून वाफ्याबाहेर नेली तर ८० ग्रॅम. १२० चौरस मीटरला ९.६ किलो. १७५ पैकी साडेनऊ किलो, म्हणजे साडेपाच टक्के.

मोजमापात चूक असेल ना? असेलच. नऊ चौकटींत तीस टक्क्यांची चढउतार असली तर सरासरीत दहा टक्के इकडेतिकडे सहज होतं, आणि वाईट धरलं तर वीस. साडेपाचचे साडेचार किंवा साडेसहा होतील. ऐंशी होणार नाहीत.

मग बाकीचा नायट्रोजन कुठे जातो? काही बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर तसाच जातो. काही गाळात बसतो. आणि जो खरा निघतो तो जिवाणूंमुळे. खडीवर आणि मुळांवर जो बुळबुळीत थर असतो ना, त्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि जिथे ऑक्सिजन नसतो तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. तुमच्यासारख्या आडव्या प्रवाहाच्या, कायम भरलेल्या वाफ्यात पहिल्या कामाला लागणारा ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून अमोनिया अडकून राहतो. तो कमी करायचा असेल तर जास्त कर्दळ लावून भागणार नाही. उभ्या प्रवाहाचा, म्हणजे पाणी वरून खाली झिरपणारा आणि अधूनमधून कोरडा होणारा वाफा किंवा थोडी हवा द्यावी लागेल.

याचा अर्थ झाडं शोभेची आहेत असा काढू नका. मुळं जिवाणूंना घर देतात, थोडा ऑक्सिजन खाली नेतात, वरचा थर सैल ठेवतात. आणि वाफ्याचा भार कमी असेल, म्हणजे आधी चांगलं शुद्ध झालेलं पाणी शेवटच्या सफाईला येत असेल, तर तिथे झाडांचा टक्का खूपच वर जातो. भागाकारात खालचा आकडा लहान झाला की होणारच. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या प्लँटचा टक्का ऐकून तो इथे चिकटवू नका.

वाढीच्या आकड्याचा माझ्या लेखी खरा उपयोग वेगळाच आहे: वाफ्याची तब्येत. आउटलेटकडच्या तीन चौकटींत जुनी पानं पिवळी पडत चालली तर तिथवर नायट्रोजन पुरत नाही, काळजी नाही, उलट चांगलंच. नवे पोंगेच पिवळे, पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी. पानांच्या कडा करपल्या तर आधी खिशातला टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) बुडवा. नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावावर भरतीचं खारं पाणी जुन्या ड्रेनेजमध्ये झिरपतं. एका ठिकाणी मी पंप, खत, कीड सगळ्यांना दोन महिने दोष देत बसलो, आणि दोष होता मिठाचा. तिथे कर्दळ काढून पाणकणीस आणि नळ लावला, तो टिकला. तुमच्याकडे घोडबंदरला सोसायटी खाडीपासून किती लांब आहे, बोअरचं पाणी टाकीत मिसळता का, यावर हे अवलंबून.

ऋतूचाही हिशेब ठेवा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ढग आणि पातळ झालेलं सांडपाणी, त्यामुळे कर्दळ हिरवीगार दिसते, पण वजन अपेक्षेएवढं भरत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये ती उसळते. डिसेंबर-जानेवारीत मंदावते, थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, पण पाणीही भरपूर उडतं. दिवसाला आठ मिलिमीटर धरलं तर १२० चौरस मीटरवरून ९६० लिटर, म्हणजे आलेल्या पाण्याच्या आठ टक्के. त्या दिवसांत आउटलेटचं मिलिग्रॅममधलं माप वाढलेलं दिसेल. घाबरू नका, मिलिग्रॅमला लिटरने गुणून ग्रॅम काढा आणि मग तुलना करा.

कापणी जुलैत नको. सलग पावसात वाफ्यावर पाणी साचलं तर नुकतीच कापलेली बुडखी बुडून कुजतात. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेअखेर असं मी ठेवतो, वीत-दीड वीत बुडखा ठेवून, एका वेळी अर्धाच वाफा, उरलेला अर्धा त्याच फेरीत थोड्या दिवसांनी. आणि कापलेलं त्याच दिवशी वाफ्याबाहेर न्या. तिथेच पसरून ठेवलं तर आठवड्याभरात कुजून सगळं परत पाण्यात, आणि वरचं साडेपाच टक्क्यांचं गणितही गेलं.

तर एजीएमसाठी: गेल्या सहा महिन्यांचा किलोचा आकडा देऊ नका, तुमच्याकडे तो नाही. उंचीची वही टाकूनही देऊ नका, पहिल्या लागवडीला वाफा कधी भरला हे त्यातून कळतं. नऊ चौकटी आणि दोरे लावून तीन फेऱ्या झाल्या की वाढीचा आकडा सांगता येईल. सभा त्याआधीच असेल, तर इनलेट आणि आउटलेटच्या पाण्याचे एकाच दिवशी घेतलेले दोन लॅब रिपोर्ट ठेवा, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), अमोनिया आणि एकूण नायट्रोजनचे. आणि एक विनंती. सभेच्या आदल्या दिवशी वाफा ‘नीटनेटका’ दिसावा म्हणून माळ्याला तो कापायला लावू नका. एका सेक्रेटरींनी माझ्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं, चौकटींसकट.